यात्रेची गर्दी आणि नदीची वाट

(देवपूर, धुळे येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पांझरेच्या उत्तर तीरावर वसलेल्या या देवपुरात नदीतील नावांविषयी बोलावयास कोणी उभा राहावा, याचा आपल्यापैकी कित्येकांस प्रथमदर्शनी विस्मय वाटेल; कारण साक्री तालुक्यात सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर उगम पावून, वाटेतल्या जुन्या बंधाऱ्यांना आणि त्यांवरच्या फडांना आपले पाणी वाटीत धुळ्यापर्यंत येणारी आणि पुढे उत्तरेकडे वळून मुडावदच्या कपिलेश्वरापाशी तापीस मिळणारी ही आपली नदी वर्षातील पुष्कळ महिने पायीच ओलांडता येते, आणि ज्या थोड्या दिवसांत ती पायी ओलांडता येत नाही त्या दिवसांत तिच्यात नाव घालण्याचे धाडस कोणी समंजस मनुष्य करणार नाही. तरीही हा विषय मी बुद्धिपुरस्सर निवडला आहे. ज्या नगराचे दोन भाग नदीच्या दोन तीरांवर पडले आहेत, त्या नगराचा प्रत्येक मोठा उत्सव अखेरीस पुलांवर येऊन अडतो. आणि पूल अडला म्हणजे नदीतून काही वाट काढता येईल काय, हा विचार लोकांच्या मनात आपोआपच उद्भवतो. तो विचार कितपत खरा आहे, आणि खरा असल्यास त्याला कोणकोणत्या अटी आहेत, हे शांतपणे तपासून पाहावे एवढाच माझा आजचा हेतू आहे.

आपली स्थिती आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही, परंतु विवेचनाच्या सोयीसाठी ती मांडून ठेवतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेशच्या बंदोबस्ताकरिता आलेल्या कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुलकी कारभाराचे ठाणे केले. तेव्हापासून कचेऱ्या, पेठा आणि व्यापार नदीच्या दक्षिणेस वाढत गेले, आणि देवपूर हे उत्तरेस, देवस्थानांच्या आणि पुढे विद्यालयांच्या आश्रयाने, आपल्या गतीने वाढले. एकवीरा देवीचे मंदिर या तीरावर आहे. चैत्री पौर्णिमेस देवीची यात्रा भरते, नवरात्रात पहाटेपासून रांगा लागतात, आणि केवळ खानदेशातीलच नव्हे तर गुजरात व मध्य प्रदेशातील कुळेही कुलदेवतेच्या दर्शनास येतात. भाद्रपदात गणपतींच्या मिरवणुका निघतात. या सर्व जनसमुदायाला नदी ओलांडावयाची ती लहान पुलावरून किंवा मोठ्या पुलावरून, आणि अलीकडे झालेल्या आणखी एकदोन वाटांवरून. पांझरा एरवी कितीही गरीब दिसली तरी तिचा कोप या गावाने पाहिलेला आहे: १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना आलेल्या महापुराने धुळ्यातील शेकडो घरे नेली, आणि २०१९ च्या ऑगस्टात अक्कलपाडा धरणातून विसर्ग वाढला तेव्हा शहरातील सखल पूल पाण्याखाली जाऊन दोन्ही तीरांचे दळणवळण एका उंच पुलाच्या भरवशावर उरले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांस खानदेशात आरंभीच जे काम नेमून दिले गेले, ते दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचे पाणी नळाने पैलतीरी नेण्याचे होते. या नदीने माणसांप्रमाणे पाण्यालाही ओलांडण्याचा प्रश्न घातला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता उत्सव आणि नाव यांचा संबंध महाराष्ट्रात जेथे खराखुरा जिवंत राहिला आहे त्या स्थानाकडे वळू. ते स्थान पंढरपूर. आपल्या मुक्ताईनगराहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी महिनाभर चालून जेथे पोहोचते, त्या चंद्रभागेच्या काठी आषाढ शुद्ध एकादशीस जो समुदाय लोटतो त्याची कल्पना येथील वारकऱ्यांस आहेच. भीमा तेथे चंद्रकोरीसारखी वळते. एका काठावर महाद्वार घाट, दत्त घाट, उद्धव घाट, कुंभार घाट अशी घाटांची ओळ. पात्रात पुंडलिकाचे देऊळ. आणि पैलतीरावर, ज्यास लोक नुसते ‘पासष्ट एकर’ म्हणून ओळखतात ते विस्तीर्ण तळाचे मैदान, जेथे दिंड्यांचे तंबू पडतात. म्हणजे यात्रेकरूंचा मोठा भाग निवासास एका तीरावर आणि दर्शनास दुसऱ्या तीरावर असतो, आणि ही ये-जा चार-पाच दिवस अखंड चालते. पूल आहेत, जुना दगडी पूल आहे, तो पाणी चढले की बुडतो, उंच पूलही आहेत. परंतु पुलापर्यंत जाऊन परत घाटापर्यंत येण्याचा वळसा ज्यांस झेपत नाही, ती म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, पाय सुजलेले वारकरी, हे सर्व होडीकडे वळतात. होड्या चालविणारे बहुतेक कोळी समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर राहिलेले.

या नावाड्यांचे काम वाळवंटात उभे राहून पुष्कळ वेळ न्याहाळल्यावर माझ्या मनावर जी गोष्ट ठसली ती ही की, त्यांची विद्या आषाढीची नाही, ती बारमाही आहे. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम विष्णुपदावर असतो अशी श्रद्धा आहे. त्या महिन्यात लोक घाटावरून होडीत बसून विष्णुपदास जातात, वनभोजने करतात. पौर्णिमेच्या काल्यासाठी लोक गोपाळपुरास जातात. अस्थिविसर्जनाला येणारी कुटुंबे, एरवीचे यात्रेकरू, सहलीला आलेली शाळेची मुले, यांची वर्षभर थोडीथोडी ने-आण चालू असते, आणि त्या थोड्याथोडक्या मिळकतीवर होडी डागडुजीत राहते, वल्हे हातात राहते आणि पात्राची माहिती मनात ताजी राहते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाळूच्या बेसुमार उपशाने चंद्रभागेच्या पात्रात खोल खड्डे पडले आहेत, आणि घोटाभर पाण्यातून चालणारा भाविक पुढच्या पावलास गळ्याइतक्या पाण्यात जातो. मागच्या पुराने खळगा कोठे सरकविला, कोठे गाळ साचला, उजनीतून किंवा नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सुटल्यावर धार कोणत्या काठास लागते, हे कोणत्याही कचेरीतील नकाशात लिहिलेले नसते. ते नावाड्यास ठाऊक असते, कारण तो त्याच पाण्यात रोज वावरतो. जीवरक्षक म्हणून वारीच्या दिवसांत याच समाजाचे तरुण पाण्यात उभे असलेले दिसतात, त्याचेही कारण हेच.

मोठ्या समारंभाचा प्रसंग आला की नदीकाठच्या शहरांत ‘नावा सोडा’ असा जो ठराव होतो, त्यातील मुख्य उणीव मला येथेच दिसते. तो ठराव असे धरून चालतो की नाव ही तंबू किंवा ध्वनिक्षेपक यांसारखी भाड्याने आणून समारंभ संपताच परत पाठविण्याची वस्तू आहे. नाव आणता येते. पाण्याची ओळख आणता येत नाही. नावाडी परगावचा आणला तर तो उत्तम वल्हवणारा असूनही या पात्रात नवखाच.

दुसरा भ्रम संख्येचा आहे, आणि तो गणिताने दूर करता येतो. सपाट वाटेवरून, चेंगराचेंगरी न होता, एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसे जाऊ शकतात असे गर्दीच्या अभ्यासकांनी बसविलेले मान आहे. चार मीटर रुंदीचा पादचारी पूल धरला तर मिनिटास ३२० आणि तासास १९,२०० माणसे झाली. आता एका होडीत २० उतारू घेतले, आणि भरणे, जाणे, उतरणे व रिकामे परत येणे या सर्वास १० मिनिटे लागली असे उदारपणे मानले, तर ती होडी तासात १२० माणसे पैलतीरास नेईल. एका मध्यम पुलाचे काम करावयास १६० होड्या हव्यात, आणि तितक्या होड्या एकाच घाटास लागूच शकणार नाहीत. तेव्हा नावांनी यात्रेची गर्दी हलेल ही आशा सोडून दिली पाहिजे. ज्यांनी ती आशा दाखविली त्यांनी हिशेब केला नव्हता.

मग नावेचा उपयोग काय? हा प्रश्न मी स्वतःस पुष्कळदा विचारला, आणि त्याचे जे उत्तर मला मिळाले तेच आजच्या व्याख्यानाचे मर्म आहे. पूल माणसे मोजीत नाही, नाव मोजते. पुलाच्या तोंडाशी उभा असलेला मनुष्य मागच्याच्या रेट्याने पुढे जातो, आणि पुढे जागा आहे की नाही हे त्याला, त्याच्या मागच्याला किंवा बंदोबस्तास उभ्या असलेल्या शिपायालाही कळत नाही. नावेपाशी मात्र प्रत्येक उतारूस पाय उचलून आत ठेवावा लागतो, नावाडी त्याचा हात धरतो, जागा दाखवितो, आणि नाव भरली की हात आडवा करतो. तो आडवा हात ही गर्दीच्या व्यवस्थेतील अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. प्रयागास ३ फेब्रुवारी १९५४ या मौनी अमावास्येस, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कुंभात, शेकडो भाविक चेंगरून मेले. नाशकास २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या स्नानासाठी जाणाऱ्या अरुंद उताराच्या वाटेवर तीसहून अधिक जीव गेले. वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी तीनशेच्या घरात माणसे दगावली. स्थळे निरनिराळी, देवता निराळ्या, परंतु तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली: पुढच्या जागेपेक्षा अधिक माणसे मागून येत राहिली आणि त्यांस थांबविणारा कोणी, किंवा थांबविण्याची जागा, वाटेत नव्हती. नावेच्या वाटेत अशी जागा प्रकृतीनेच निर्माण केलेली असते. घाटाच्या पायऱ्या ही ती जागा, आणि पाणी हा तिचा उंबरठा.

यावरून नावेचे खरे कार्य ठरते. तिने सर्वांस न्यावयाचे नाही. ज्यांस गर्दीत चालविणे धोक्याचे आहे त्यांस तिने गर्दीतून वेगळे काढावयाचे. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया, तान्ह्या मुलांच्या आया, आजारी पडलेला यात्रेकरू आणि त्यास पाहावयास धावणारा वैद्य, एवढ्यांची वाट जरी पाण्यावरून गेली तरी पुलावरच्या प्रवाहातील सर्वांत सावकाश चालणारा आणि सर्वांत आधी कोसळणारा भाग कमी होतो, आणि उरलेला प्रवाह आपोआप निर्विघ्न होतो. शंभरातील पाच माणसे नावेने गेली तर पुलास फरक काय पडतो, असे कोणी विचारील. त्याने जत्रेच्या दिवशी पुलावर एखादी म्हातारी चक्कर येऊन बसली म्हणजे तिच्याभोवती काय होते ते आठवावे.

देशोदेशींची साक्ष काढू लागलो तर लंडनची साक्ष मला सर्वांत बोधप्रद वाटते. शहरातून वाहणाऱ्या टेम्स नदीवर १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल होईपर्यंत शतकानुशतके लंडन ब्रिज हा एकच पूल होता, आणि तोही दुकानांनी व घरांनी भरलेला. दक्षिण तीरावर नाटकगृहे होती. शेक्सपिअरच्या मंडळीचे ग्लोब नाटकगृह १५९९ साली तेथेच उभे राहिले. खेळाच्या दिवशी उत्तर तीरावरचे सहस्रावधी प्रेक्षक नावेने नदी ओलांडीत. हे शक्य झाले याचे कारण नाटकगृहाच्या मालकांनी नावा आणविल्या हे नव्हे. १५१४ मध्येच कायद्याने नावेचे दर ठरले होते, १५५५ मध्ये नावाड्यांच्या मंडळाची स्थापना होऊन त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी नेमले गेले, आणि पुढे हा धंदा करू इच्छिणाऱ्यास उमेदवारी करून दाखला मिळवावा लागे. रोजच्या व्यवहारासाठी उभी राहिलेली ही व्यवस्था उत्सवाच्या दिवशीही तितक्याच सहजतेने कामास आली. पुढे उत्तर तीरावरच नाटके होऊ लागली तेव्हा आपली उपजीविका बुडते अशी कैफियत नावाड्यांनी राजाकडे मांडली, यावरून दोहोंचा संबंध किती घट्ट होता हे समजते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पॅरिसचे आहे. २६ जुलै २०२४ रोजी तेथे ऑलिंपिकचा उद्घाटनसमारंभ क्रीडांगणात न होता सेन नदीवर झाला. सुमारे ८५ नौकांतून हजारो खेळाडू नदीच्या सुमारे सहा किलोमीटर लांबीवरून मिरवत गेले. देखावा अपूर्व होता यात शंका नाही. परंतु त्या देखाव्यासाठी नदीवरची एरवीची नौका-वाहतूक बंद ठेवावी लागली आणि आसपासचे पूल व काठ सामान्य नागरिकास दिवसेंदिवस मोकळे नव्हते. नदीचा रंगमंच झाला की ती रस्ता राहत नाही. आपल्याकडे उत्सवात नावा आणण्याचा विचार निघतो तेव्हा बहुधा मनात असतो तो रंगमंच, आणि मुखात असते ते दळणवळण. उत्सवाच्या चालकांनी प्रथम यांपैकी एक निवडावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कोचीची हकीकत थोडक्यात सांगतो. तेथे २५ एप्रिल २०२३ रोजी सुरू झालेल्या जलमेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या नौका शंभर उतारूंच्या आहेत, धक्के तरंगते असल्यामुळे भरती-ओहोटीतही नौकेची आणि धक्क्याची पातळी सारखी राहते, आणि धक्क्यावर जाणारा मनुष्य फाटकातून मोजूनच आत जातो. पंढरीचा नावाडी आडव्या हाताने करतो तेच काम येथे यंत्र करते. तरंगत्या धक्क्याची युक्ती मात्र आपल्या इकडील जलाशयांस विशेष उपयोगी आहे, कारण धरणांच्या पाण्याची पातळीही सारखी वरखाली होते.

नाव मोजते असे मी म्हणालो, त्यास एक भयंकर अपवाद आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भीती बळावली म्हणजे नावाड्याचा आडवा हात लोक मानीत नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांस बाहेर काढणारी होडी, क्षमतेहून अधिक माणसे बसल्यामुळे उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. त्याच दिवसांत आमच्या पांझरेसही पूर होता. जी माणसे त्या होडीत बसली त्यांस दोष देणे मला पाप वाटते. दोष असेल तर तो अशा गावी पाण्याच्या वाटेची रोजची शिस्त निर्माणच झाली नाही याचा आहे. नावेवर उतारूंची संख्या ठळक रंगवलेली असणे, नाव किती बुडेपर्यंत भरावी याची रेघ तिच्या अंगावर ओढलेली असणे, प्रत्येकास तरंगणारे जाकीट मिळणे आणि ते घातल्यावाचून नाव न सुटणे, या गोष्टींची सवय निवांत दिवसांत झाली नाही तर संकटाच्या दिवशी ती एकाएकी कोठून येणार?

शिस्तीचा हा विचार आपल्या प्रांतास नवा नाही. मुंबई इलाख्यात १८६८ चाच तरींचा, म्हणजे नदी उतरविणाऱ्या नावांचा, कायदा होता. सार्वजनिक तर कोणती, तिचे दर किती, तिचा मक्ता कोणास द्यावयाचा आणि मक्तेदाराने नाव कशी राखावयाची, हे सर्व मुलकी खात्याच्या अखत्यारीत असे, आणि दरसाल लिलाव पुकारून तरीचे ठेके दिले जात. खानदेशात तापीवर अशा तरी ठिकठिकाणी चालत. आग्रा रस्त्यावर सावळद्यास पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्याची तीच एक वाट होती. पूल झाले, तरी बंद पडल्या, दफ्तरे बांधून फडताळात गेली, आणि तापीकाठचे भोई व टोकरे कोळी यांच्यापाशी होती ती नावा चालविण्याची विद्या मासेमारीपुरती उरली. पूल होऊ नयेत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु पूल होताच तर मोडून टाकावयाची, हा जो शिरस्ता पडला त्याचा पुनर्विचार व्हावयास हवा होता असे मला वाटते. कारण पूल एकच असतो, आणि तो दुरुस्तीस निघाला, बुडाला किंवा यात्रेने भरला की दुसरी वाट उरत नाही.

येथपर्यंत आल्यावर खानदेशात हा प्रयोग कोठे करता येईल हे सांगणे माझे कर्तव्य ठरते. पांझरा नव्हे, हे आपण आरंभीच मान्य केले. चैत्रात एकवीरेची यात्रा भरते तेव्हा पात्रात नाव तरंगेल इतके पाणी नसते, आणि त्यासाठी धरणातून पाणी सोडविणे म्हणजे उन्हाळ्यात तहानलेल्या गावांच्या तोंडचे पाणी काढून घेणे होय. तशी मागणी या तीरावरून कोणी कधी करू नये. पांझरेच्या बाबतीत योग्य ते हेच की कोरड्या पात्रातून यात्रेपुरती पायवाट आखावी, तिची एक बाजू जाण्याची आणि दुसरी येण्याची ठेवावी, काठाच्या उतारास पायऱ्या व कठडे असावेत, आणि पुलांवरून वाहने व पात्रातून पादचारी अशी विभागणी व्हावी. नदीची वाट म्हणजे नेहमी पाण्याचीच वाट असे नाही.

नावांसाठी आपणांस तापीकडे जावे लागेल. ती पूर्वी खडकाळ आणि उन्हाळ्यात उथळ म्हणून नौकानयनास निरुपयोगी समजली जात असे. परंतु सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाल्यापासून तिच्या मोठ्या भागात पावसाळा संपल्यावर पाणी उभे राहते. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्गांस राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जे स्थान मिळाले, त्यांत तापीचेही नाव आहे. कायद्यातील नाव आणि पाण्यातील नाव यांत अंतर असते हे खरे, तथापि त्या नावाचा आधार घेऊन धक्क्यांसाठी व पात्राच्या मोजणीसाठी मागणी करता येते.

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा मला या दृष्टीने सर्वांत अनुकूल वाटते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. यात्रा मार्गशीर्षात, म्हणजे पूर ओसरलेला, दरवाजे बंद होऊन जलाशय भरलेला, आणि वारा सौम्य अशा ऋतूत येते. गाव तापीच्या उत्तर काठी. धुळे-दोंडाईच्याकडून येणाऱ्या साऱ्या समुदायास दक्षिणेकडून पुलावरूनच यावे लागते, आणि त्यातच घोडी, गाड्या, दुकानदारांचे सामान. येथे दक्षिण काठी वाहने थांबवून, वृद्धांस व लेकुरवाळ्यांस तरीने पैलतीरी न्यावयाचे, असा क्रम प्रथम यात्रेबाहेरच्या दिवसांत आठवडाबाजाराच्या वाराला सुरू करावा. दोन-तीन नावा पुरेत. चालविणारे काठचेच भोई-कोळी असावेत, त्यांच्या संस्थेस ठेका मिळावा, आणि लिलावात सर्वांत अधिक रक्कम बोलणाऱ्यास तर देण्याचा जुना पायंडा टाकून द्यावा. कारण अधिक रक्कम भरणारा मक्तेदार ती रक्कम नावेत अधिक माणसे कोंबूनच वसूल करतो. नदीच्या तरीतून महसूल काढण्याचा मोह सरकारास जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तेव्हा उतारूंनी त्याची किंमत दिली आहे.

प्रकाशाचा प्रश्न अधिक कठीण आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या क्षेत्रास लोक दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराचे देऊळ तेथे आहे, आणि गुरू सिंह राशीस आला म्हणजे बारा वर्षांनी तेथे मोठी यात्रा भरते. नाशकाच्या सिंहस्थाची चर्चा सर्वत्र आहे, प्रकाशाची फारशी कोणी करीत नाही, म्हणून मी ती येथे मुद्दाम करतो. सिंहस्थाच्या स्नानपर्वण्या बहुधा श्रावण-भाद्रपदात येतात, म्हणजे हतनूर धरणापासून खाली सर्व दरवाजे उघडे असण्याच्या काळात. त्या दिवसांत तापीची धार मत्त असते आणि संगमाजवळ भोवरे पडतात. नावेचा उपयोग जेव्हा सर्वांत अधिक भासेल, नेमकी तेव्हाच ती सर्वांत अधिक धोक्याची असेल. यावर उपाय असा की कोणत्या विसर्गापर्यंत नावा चालतील आणि कोणत्या विसर्गास त्या काठास बांधल्या जातील, हे आकडे पाटबंधारे खात्याने आणि स्थानिक नावाड्यांनी एकत्र बसून पर्वणीपूर्वीच ठरवावेत. धरणावरील अधिकाऱ्याने दरवाजा उचलण्याआधी घाटावर खबर द्यावी. आणि नाव थांबविण्याचा अंतिम अधिकार कचेरीत बसलेल्याकडे न ठेवता घाटावर उभ्या असलेल्या वडील नावाड्याकडे असावा. त्याने नाव थांबविली तर त्यास जाब विचारला जाऊ नये आणि त्या दिवसाची मजुरीही बुडू नये. ज्याची मजुरी फेऱ्यांवर अवलंबून आहे त्याच्याकडून नकाराची अपेक्षा करणे अन्याय आहे.

चढणीचा घाट आणि उतरणीचा घाट वेगळा असावा, हे सूत्र मी मुद्दाम शेवटी ठेवले. नावेत मोजून बसलेली वीस माणसे पैलतीरावर जर तेथूनच परत निघालेल्या हजारोंच्या तोंडात उतरणार असतील, तर पाण्यावर मिळालेली सुरक्षितता पहिल्या पायरीवरच संपते. पंढरपुरास वाळवंट विस्तीर्ण आहे म्हणून ही अडचण काही अंशी झाकली जाते. प्रकाशास आणि सारंगखेड्यास काठ चढाचे आहेत, तेथे ती झाकली जाणार नाही. उतरणीचा घाट देवळापासून काही अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगास, पायऱ्यांऐवजी सौम्य उताराचा केला तर चाकांच्या खुर्चीवरील यात्रेकरूही तेथून जाऊ शकेल. असा उतार बांधण्याची मुदत दरवाजे उघडण्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांपुरतीच असते, म्हणून नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे यासंबंधी जो अर्ज या सभेतर्फे जावा असे मी सुचवितो, तो येत्या पंधरवड्यात जाईल अशी व्यवस्था व्याख्यानमालेच्या चालकांनी करावी. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. त्यावर तापीकाठच्या गावांतील नावाड्यांच्या सह्या आपल्या सह्यांच्या आधी असाव्यात.